फाशाला पायगुण नसतो

मी एक जुना फासा आहे आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. मित्रांनो, तुम्हालाही कुणी रोज मुठीत खुळखुळवून जमिनीवर भिरकावलं असतं, तर तुम्हीही भित्रेच झाला असता.

एका सुताराने मला स्टुलाच्या उरलेल्या पायातून कापलं, घासून गुळगुळीत केलं आणि तापलेल्या खिळ्याने माझ्या अंगावर एकवीस ठिपके पाडले. पुढची कितीतरी वर्षं मी एका बहीणभावाच्या हातात काढली. सहा पडले की माझी पापी घेतली जायची. एक पडला की मी करंटा, मेला, मुद्दाम वाकड्यात शिरणारा. देवाशपथ सांगतो, मी कधीच काही ठरवलं नाही. मी नुसता गडगडायचो आणि थांबायचो. पण ऐकतंय कोण?

मुलं मोठी झाली. त्यांनी दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं आणि मी, कसा कोण जाणे, बंद पडलेल्या पेनांबरोबर तिथल्या खणात जाऊन पडलो. थोरली बहीण कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहायची. शिंप्यांसाठी होता तो. गिऱ्हाइकांची मापं लक्षात ठेवायचा. धाकटा भाऊ तो विकायचा. पलीकडच्या खोलीत त्यांची आत्या फोन घ्यायची. आधी ती अर्धा दिवस यायची, मग पूर्ण वेळ यायला लागली. शिंप्यांचं काही अडलं की न चिडता, एकेक बटण सांगून ती सोडवायची. मला कुणी हात लावत नव्हतं, म्हणजे सुखाचाच काळ होता.

मग धाकट्याने भिंतीवर तक्ता लावला. आठवड्यात प्रोग्रामच्या किती प्रती विकल्या, ते दर शनिवारी त्यावर लिहायचं. कधी पाच, कधी दोन, कधी चार. पाच झाल्या की तो शीळ घालायचा. दोन झाल्या की त्याचं तोंड उतरायचं आणि लगेच काहीतरी बदललं जायचं. एकदा किंमत, एकदा जाहिरात, एकदा तर त्याने आपली खुर्चीच खिडकीपासून दाराकडे नेली. पुढच्या शनिवारी आकडा वाढला की म्हणायचा, बघ, लागू पडलं. थोरली म्हणायची, अरे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. तो ते हसण्यावारी न्यायचा.

पुढे लागोपाठ तीन आठवडे दोन, एक, दोन असे गेले आणि त्याचं हसू आटलं. ऑफिसला टाळं लागणार, ह्या धास्तीने त्याला घास गिळवेना. थोरलीच्या मागे लागून त्याने प्रोग्राममधली सगळी बटणं हिरवी करून घेतली. तेवढ्यानेही त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. एका दुपारी तो दबक्या आवाजात तिला म्हणाला, "ताई, आत्या पूर्ण वेळ यायला लागली तेव्हापासून हे चाललंय. तिचा पायगुणच बरा नाही. पुढच्या महिन्यापासून येऊ नको म्हणून सांगू तिला."

खणात माझा थरकाप झाला. मला पाय नाहीत, तरी लहानपणभर ह्याच आरोपाखाली मी बोलणी खाल्ली होती. त्यातून मधली भिंत पातळ फळ्यांची. पलीकडे फोनवर चाललेलं आत्याचं बोलणं मध्येच थांबलं. ते मी ऐकलं. ह्या दोघांच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा बाहेर असताना थोरलीने खण उघडला आणि मला उचललं. माझा जीव मुठीत, म्हणजे तिच्या मुठीत. तिने मला बारा वेळा टाकलं आणि दर वेळी पडलेला आकडा कागदावर लिहिला. तो आल्यावर म्हणाली, हे आपल्या पहिल्या वर्षातले बारा आठवडे, कधी काय झालं होतं ते सांग बरं.

तो भराभर सांगत गेला. इथे दोन, कारण तू आजारी होतीस. इथे सहा, ते किंमत उतरवली म्हणून. हा एक, तेव्हा जाहिरात चुकली होती. एकाही आकड्याला त्याने कारणाशिवाय सोडलं नाही. मग थोरलीने मला त्या कागदावर ठेवलं.

"हे सगळे ह्याचे आकडे आहेत. आज सकाळीच टाकलेत," ती म्हणाली. "आता ह्याचा पायगुण सांग."

त्याने मला उचलून परत खणात ठेवलं. आत्याला काही बोलायचं नाही, असं शेवटी ठरलं. मीही सुटकेचा श्वास टाकला. पण मित्रांनो, आत्याने सगळं ऐकलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि आपली जागा शाबूत आहे हे आत्याला कुणी सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी तक्त्यावर शून्य आलं.

धाकट्याने मला मुठीत घेतलं. आता हा मला खिडकीबाहेर फेकणार, ह्या भीतीने मी अर्धमेला झालो. पण त्याने मला बोटांत धरून एकेक बाजू फिरवून बघितली. सहाही बाजू झाल्या, पुन्हा पहिल्यापासून बघितल्या.

"ताई," तो म्हणाला, "ह्याच्यावर शून्य नाही. म्हणजे ह्या वेळी खरंच काहीतरी बिघडलंय."

दोघं उठून आत्याच्या खोलीत गेले. मी अजून त्याच्या मुठीतच होतो. फोनवर लोक काय म्हणतायत, असं त्याने विचारलं, तशी आत्या पांढरीफटक पडली. मग तिने पर्सच्या आतल्या कप्प्यातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर नऊ शिंप्यांची नावं होती. विकत घ्यायच्या आधी वापरून बघायला देतात ती प्रत, बाहीचं माप टाकलं की बंद पडत होती. बटणं हिरवी केल्या दिवसापासून.

"मग सांगितलं का नाहीस गं?" थोरलीने विचारलं.

"मला वाटलं," आत्या म्हणाली, "वाईट बातमी आणली, तर तीसुद्धा माझ्याच पायगुणात धराल."

धाकटा तिच्यासमोर स्टूल ओढून बसला. चुकलो म्हणाला, दोनदा म्हणाला. त्यानंतर तीन प्रती गेल्या, मग दोन, मग पाच. हल्ली तो दर शनिवारी तक्त्याकडे जाण्याआधी आत्यासमोर स्टूल ओढून बसतो आणि आठवडाभराचं सगळं विचारून घेतो.

मित्रांनो, माझी विनवणी एवढीच आहे. आकडा खाली आला म्हणून जवळच्या माणसावर खापर फोडू नका. तो प्रोग्राम थोरलीने दीड तासात दुरुस्त केला. आत्या मात्र काही सांगण्याआधी अजूनही त्याच्या चेहऱ्याकडे बघून घेते.