मेलेली गाडी ओढताना

आमचा साहेब म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा. चाचणीत बिनमाणसाची लढाऊ गाडी चरात रुतली, तिच्या बंदुकीचा पट्टा गोळ्यांसकट अडकला, आणि हा गच्चीवरून म्हणतो, "बॅटरी काढा, जीपनं ओढून आणा. पाहुणे यायचेत!"

"आधी चाकांच्या मोटरींची तार सोडवू द्या," मी खालून बजावलं. त्या गाडीचं वायरिंग मीच केलेलं. बॅटरी असो-नसो, चाकं फिरली की त्या मोटरी सायकलच्या डायनॅमोसारखी वीज करतात. मग गाडीचा मेंदू, म्हणजे तिचा बोर्ड, जागा होणार आणि बोर्डामागोमाग बंदूक. समोर हलेल ते टिपायचं, एवढंच तिला शिकवलेलं.

"अगं बाई, मेलीय ती आता," साहेब हसला.

जीपवर दाजी होते, माझ्या ताईचे यजमान. "मेहुणीबाई, तुमचं शास्त्र आटपेपर्यंत माझं जेवण गार होईल," म्हणत त्यांनी दोर अडकवला. मी पाना आणायला शेडकडे वळते न वळते तोच साहेबानं वरून हात हलवला, आणि जीप निघालीसुद्धा.

बोर्डावरचा हिरवा दिवा लागला. धक्क्यांनी गोळ्यांचा पट्टाही सुटला.

"दाजी, थांबा! ब्रेक मारा!" मी घसा फाटेस्तोवर ओरडले. बंदुकीनं मान वळवली आणि जीपची मागची काच फुटली. दाजींचा खांदा फाटला. अशा वेळी माणूस काय करणार? त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. अरे देवा! जीप जितकी जोरात, चाकं तितकी जोरात, त्या सटवीला तितकी जास्त वीज, आणि गोळ्या थांबेनात. नुसते थांबले असते तर ती जागच्या जागी मेली असती.

आग विझवायच्या बादल्यांजवळची कुऱ्हाड उचलून मी बाजूनं धावले, गाडीवर चढले आणि मोटरींकडून येणारी जाड तार तोडली. ठिणग्यांनी हात भाजले. बंदूक गप्प झाली. जीप भिंतीवर आदळली. दाजींना बाहेर ओढलं तर पोट उघडं पडलेलं. मी दोन्ही हातांनी दाबून धरलं, तरी रक्त थांबेना.

"मेलेली होती ना गं ती?" त्यांनी विचारलं, आणि गेले.

साहेब धापा टाकत आला. "पण बॅटरी तर काढली होती..."

कुऱ्हाडीच्या दांड्यानं मी त्याचं तोंड फोडलं. दात मातीत पडले. दुसरा घाव पात्यानंच घालणार होते, पण चौघांनी मला मागं खेचलं. का खेचलंत रे मेल्यांनो?

ताईला सांगायला मीच गेले, तशाच रक्तानं माखलेल्या कपड्यांत. तिनं माझे खांदे धरून मला गदागदा हलवलं, छातीवर बुक्के मारले. मी मारू दिलं.

"हे एवढे चपळ गं! मग पळाले का नाहीत? सांग ना, पळाले का नाहीत?"

"पळाले, ताई," मी म्हणाले. "म्हणूनच गेले."