मागची फळी

दाजींनी आपल्या बोटीला नवी मोटर आणली त्या दिवशीच मी त्यांना सांगितलं होतं, की आधी मला बोट ठोकून बघू द्या. त्यांनी ते हसण्यावारी नेलं. ताईचं लग्न झाल्यापासून आमच्या दोघांचं असंच चाललं होतं. मी बोलायचं आणि त्यांनी हसायचं. मला ते ‘हातोडी’ म्हणायचे. नाव काही चुकीचं नव्हतं. वडील गेल्यापासून त्यांची बोटदुरुस्तीची शेड मी चालवत होते, आणि दिवसभर माझ्या हातात तेच हत्यार असायचं.

फायबरची बोट कुजत नाही, असा लोकांचा एक लाडका गैरसमज असतो. फायबर नाहीच कुजत. पण जुन्या बोटींत त्या फायबरच्या पोटात लाकूड असतं. तळाला ताठ ठेवणारे वासे आणि जिच्यावर मोटर लटकते ती मागची फळी, सगळं प्लायवूडचं. वरून नुसतं कातडं फायबरचं. ते वर्षानुवर्षं चकचकीत राहतं, आणि आत कुठल्यातरी उघड्या भोकातून पाणी झिरपत लाकडाचा चोथा होतो. म्हणून वडील बोल्टसाठी आधी मुद्दाम मोठं भोक पाडायचे, ते पातळ राळेने, म्हणजे रेझिनने, भरायचे, पक्कं सुकू द्यायचे आणि मग त्या रेझिनच्या मधोमध बारीक भोक पाडायचे. बोल्टचा लाकडाला स्पर्शसुद्धा होता कामा नये, असा त्यांचा दंडक होता.

दाजींना एवढा धीर कुठला! जुन्या मोटरचे बोल्ट त्यांनी सरळ लाकडातून आरपार घातले होते. वर आणखी अक्कल पाजळली होती. तळात साचलेलं पाणी मागे निघून जावं म्हणून वाशांना खाली छोटी भोकं ठेवलेली असतात. ती त्यांनी स्वतःच्या हाताने बुजवली, का तर वाशांत पाणी शिरायला नको. म्हणजे पाण्याला यायची वाट उघडी आणि जायची बंद. हे मला कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला होता.

नव्या मोटरच्या चाचणीच्या दिवशी मी धक्क्यावर गेले तेव्हा बोट उतारावर अर्धी पाण्यात होती. नवी मोटर चढवून झाली होती आणि दाजी पाना घेऊन बोल्ट आवळत होते. जुनीपेक्षा ती चांगलीच जड होती. ताई पेट्रोलची टाकी भरत होती. फेरीत ती मोटरला लागून बसणार होती, नेहमीसारखी, बोल्ट हलतात का ते बघायला. मला नेमकं तेच नको होतं. दाजींचं दाजी बघून घेतील, पण माझी बहीण त्या फळीजवळ बसता कामा नये, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

मी कुणाला न विचारता हातोडी काढली आणि फळी ठोकायला लागले. वरच्या कडेला टण्ण टण्ण, खणखणीत. बोल्टांकडे सरकले तसा आवाज बसला. भद्द. आणखी खाली, भद्द. मी पिशवीतलं ड्रिल काढून आतल्या बाजूने एक बारीक भोक पाडलं. सुक्या लाकडाचा भुसा फिका आणि कोरडा येतो. इथे काळा लगदा आला आणि त्यामागून चहाच्या रंगाचं पाणी ओघळलं. तो आंबूस वास दाजींनाही आला असणार, कारण त्यांचं हसू तिथेच थांबलं.

लगदा चिमटीत धरून मी त्यांच्या नाकासमोर नेला. ते म्हणाले, जुनी ओल आहे, प्रत्येक बोटीत असते. मी म्हणाले, ही फळी नाही, भिजलेला पाव आहे. मग शब्दाला शब्द वाढला. त्यांनी ड्रिल हिसकावून पाण्यात फेकलं. ते माझ्या वडिलांचं होतं. माझं टाळकं सरकलं आणि मी त्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी धक्का मारला. त्यांनी माझ्या तोंडात अशी ठेवून दिली की मी उतारावर आडवी झाले. शेवाळावर गाल घासला गेला आणि तोंडात रक्ताची चव आली. उठता उठता मी त्यांच्या पोटरीला दात लावले. ते ओरडले आणि त्यांच्या दुसऱ्या पायाची लाथ माझ्या बरगडीत बसली.

ताईने आम्हाला सोडवलं. तिने दाजींना मागे ढकललं आणि मग वळून माझ्याही थोबाडीत दिली. आमच्या पोटावर पाय देऊ नकोस, म्हणाली. मी तिचे पाय धरले. रडले. बोल्टाचं राहू दे, निदान तू बसू नकोस, म्हणाले. तिने साडीचा पदर खोचला आणि बोटीच्या कडेवर हात ठेवला. एक पाय अजून काँक्रीटवर होता.

मी त्या पायावर हातोडी मारली.

पूर्ण ताकदीने मारली. घोट्याच्या खाली, पावलावर. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखला. आवाज ओळखणं हेच तर माझं काम होतं. ताई बसली तीच किंचाळत, आणि पाऊल भलतीकडेच वळलेलं होतं. मला वाईट वाटलं नाही. सुटले, असं वाटलं. आता ती कुठेही जाणार नव्हती.

दाजी मला मारायला धावले, पण ताईचा पाय बघून अर्ध्यातच थबकले. दवाखाना समोरच्याच काठावर, इथून दिसतो, पण रस्त्याने जायचं तर पुलापर्यंत लांबचा वळसा. त्यांनी दवाखान्यात फोन लावला. गाडी निघाली, वेळ लागेल, असं उत्तर आलं. ते ताईला उचलून बोटीत ठेवायला लागले. मी आडवी आले. हातोडी वर धरली आणि म्हणाले, तिला उचललंत तर तुमचं डोकं फोडीन. ताईला तर नुसता हात लावला तरी वेदना सोसवत नव्हत्या.

“बरं,” ते म्हणाले. “तू हिच्याजवळ बस. मी डॉक्टरला इकडेच घेऊन येतो.”

मी बसले. त्यांनी एकट्याने बोट लोटली आणि मोटर चालू केली. ताई माझ्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होती आणि मी तिच्या केसांतून हात फिरवत होते. दाजी उभ्यानेच मोटरची मूठ धरून होते. एरवी ते बोट हळूच काढायचे. त्या दिवशी त्यांनी मूठ पूर्ण पिळली. बोटीचं तोंड वर उचललं गेलं.

निम्म्या पाण्यात गेल्यावर कडकड असा आवाज आला. मागची फळी मधोमध फाटली. मोटर चालूच होती. ती फळीच्या तुकड्यासकट उसळली, उलटी झाली आणि तिचा फिरता पंखा दाजींवर आला. त्यांचा हात वर गेलेला आम्ही पाहिला. मग बोट मागून पाण्याने भरली आणि तोंड वर करून उभी राहिली. ताई माझ्या मांडीवरून उठायला बघत होती आणि मी तिला दाबून धरलं होतं. शेजारच्या होड्या धावल्या. त्यांनी जे वर काढलं ते ताईला बघू दिलं नाही. मी पाहिलं.

पोलिसांना ताईने सांगितलं की ती उतारावरून घसरली, पण धक्क्यावर खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. पाय जुळला, पण वाकडा. ती माझ्याकडे शेडमध्येच राहायला आली आणि कामाला लागली. बोल्टची भोकं ती रेझिनने भरते, घाई न करता, वडील भरायचे तशी. माझ्याशी मात्र बोलत नव्हती. मी ताट वाढायचे, ती जेवायची. लोक येऊन म्हणायचे, तुझ्यामुळे बहीण वाचली, आणि मी मान हलवायचे. पुन्हा वेळ आली तरी हेच करीन, असंही मी चारचौघांत ठणकावून सांगायचे.

काल एक जुनी बोट आली. मी मागची फळी ठोकत होते आणि ताई पलीकडे स्टुलावर वाकडा पाय पसरून रेझिन ढवळत होती. भद्द आवाज आला तसा तिचा हात थांबला.

“त्या दिवशी तुला माहीत होतं ना, फळी जाणार?” तिने विचारलं.

इतक्या महिन्यांनी तिचा आवाज ऐकून मला भरून आलं. हो, म्हणाले. पक्कं माहीत होतं. म्हणून तर तुझा पाय मोडला.

तिने ढवळायची काडी डब्याच्या कडेला नीट पुसली.

“मग त्यांचा का नाही मोडलास?”