उद्याचा शिक्का

सरकारी वकिलांनी अर्जाची झेरॉक्स साक्षीला उभ्या असलेल्या पूर्णिमापुढे धरली.

"आवकचा शिक्का तुमच्या हातचाच ना?"

"हो, साहेब."

"तारीख सतरा. हरकतीची मुदत सोळापर्यंत. म्हणजे अर्ज उशिरा आला."

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर सुटली असती. बाकावर कोंडीराम गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. हा अर्ज उशिराचा ठरला, की लोणी काळभोरची त्यांची विहीर नव्या रस्त्याखाली जाणार होती.

"अर्ज सोळालाच आला, साहेब. शिक्का चुकलाय. चूक माझी आहे."

मग तिने घडलं ते सांगितलं. संध्याकाळी भूसंपादन ऑफिसातली तिची आवकची खिडकी बंद झाली, की शिपाई शिक्क्याचं चाक फिरवून उद्याची तारीख लावून ठेवायचा. सकाळची घाई नको म्हणून. त्या दिवशी खिडकी लावल्यावर कोंडीराम धापा टाकत आले, बस हडपसरला अडकली होती. तिने खिडकी परत उघडली, सही केली आणि न बघता शिक्का मारला.

"सहीखाली मी हाताने सोळा लिहिलंय. शिक्क्याच्या शाईत दबलंय. मूळ अर्जावर दिसतं."

मूळ अर्ज तिने पिशवीतून काढून पुढे केला. न्यायाधीशांनी तो उजेडाकडे धरला आणि बराच वेळ पाहिला.

झेरॉक्सवरच भागत होतं खरं. पण सकाळी तिच्या ऑफिसच्या दत्तप्रसाद साहेबांनी स्वतः कपाट उघडून मूळ कागद तिच्या हातात दिला होता. "झेरॉक्स खरं बोलते, पण पुटपुटते," एवढंच म्हणाले होते. ऑफिसचं नाक कापलं जाणार हे त्यांना कळत नव्हतं थोडंच!

बाहेर जिन्यापाशी कोंडीरामांनी हात जोडले.

"काका, निकाल अजून लागायचाय."

"लागंल तवा लागंल. तुमी त्या दिशी खिडकी उघडली, माझं तवाच भागलं. आज कोर्टाला कळलं, एवढंच हाय."

अकरा वर्षांत त्या खिडकीशी कुणी आभार मानायला आलं नव्हतं.

ती ऑफिसात पोचली तेव्हा खिडकी बंद झाली होती. साहेबांनी एक पाकीट पुढे सरकवलं.

"खुलासा मागणं मला भाग आहे, बाई. चुकीचा शिक्का. मिळाल्यापासून तीन दिवसांत उत्तर."

"हो, साहेब. मूळ कागद दिलात, त्याचे फार उपकार झाले."

"उपकार कसले! आवक करून घ्या."

तिने शिक्का उचलला. शिपायाने चाक फिरवून ठेवलं होतं.

"उद्याची तारीख आहे, साहेब."

साहेब फाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "असू दे की. एक दिवस जास्त मिळेल तुम्हाला."

तिचे डोळे भरून आले. बोटाने तिने चाक एक घर मागे फिरवलं, तारीख नीट वाचली आणि शिक्का मारला.