सात नंबरची वरची बाटली

सकाळपासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि त्याला कारण दोन बाटल्या.

आमचं जहाज दर उन्हाळ्याच्या शेवटी ध्रुवाजवळच्या समुद्रात जातं. ठरलेल्या बारा ठिकाणी थांबतं आणि प्रत्येक ठिकाणी वरपासून तळापर्यंतचं पाणी छोट्या बाटल्यांत भरून, गोठवून आणतं. ते पाणी माझ्या टेबलावर येतं. मी ते यंत्रातून सोडते, त्यात औषधं मिसळतात, आणि पाणी गुलाबी होतं. जितकं गडद गुलाबी, तितकं नायट्रेट जास्त. नायट्रेट म्हणजे समुद्राचं खत. ते खाऊन बारीक शेवाळ वाढतं, हवेतला कार्बन गिळतं आणि मेल्यावर तो बरोबर घेऊन तळाला जातं. बावीस वर्षं मी हेच करतेय, आणि झोपेत उठवून विचारलंत तरी कुठल्या ठिकाणचं पाणी किती गुलाबी ते सांगेन.

तर सात नंबरच्या ठिकाणच्या वरच्या दोन बाटल्या आज गुलाबी झाल्याच नाहीत. नितळ, नळाखाली भरल्यासारख्या. आकडा शून्य.

याचा अर्थ मला पाठ आहे. आम्ही इथून बाटल्या पाठवतो त्या डिस्टिल्ड पाण्याने भरून, म्हणजे आत घाण धरत नाही. जहाजावरच्या माणसाने ते पाणी ओतून द्यायचं, समुद्राच्या पाण्याने तीनदा खंगाळायचं आणि मग भरायचं. आळशी माणूस ओतायलाच विसरतो. मग आमच्याकडे येतं आमचंच पाणी. माझ्या आत्याचा नियम होता, "सात नंबर कधी उपाशी नसतो. तिथे शून्य आलं तर हात चुकला समज." ही प्रयोगशाळा आत्याने उभी केली. तिच्याच हाताखाली मी शिकले, आणि तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

शून्य आलं की मी काय करते? रजिस्टरात तो आकडा लाल पेनाने खोडते, शेवटच्या रकान्यात "भरण्यात चूक" लिहिते आणि साहेबांना कळवते. ज्याच्या नावावर चूक लागते त्याला पुढची सफर मिळत नाही. या वर्षी बाटल्या भरायला होती चष्मा. नवीन मुलगी, हुशार, नाकावर तो भला मोठा चष्मा, म्हणून सगळे तेच म्हणतात. पुढच्या सफरीची यादी आज चार वाजता लागणार होती.

मी तिला बोलावलं. "सात नंबरच्या वरच्या दोन बाटल्या. पाणी ओतलंस का?"

"ओतलं, ताई. तीनदा खंगाळलं."

"सगळे असंच म्हणतात."

"मी मोजून केलं. एक, दोन, तीन. वारा होता, हात बधिर झाले होते, तरी मोजलं." तिची नजर खाली नव्हती. "ताई, एक विचारू? जहाजावर जुन्या चुका ऐकल्यात मी. आळशी माणूस नेहमी वरच्याच बाटल्या का विसरतो? खालच्या कधीच का नाही?"

"जास्त शहाणपणा नको," मी म्हटलं. ती गेली. आणि माझ्या पायाला भिंगरी लागली.

टेबलापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून टेबलापर्यंत. चहा केला, तो तसाच गार झाला. लाल पेन तीनदा उचललं, तीनदा ठेवलं. शेवटी कपाटातून सगळी जुनी रजिस्टरं काढली आणि लाल रेघा मोजायला बसले. सतरा. सगळ्या सात नंबरच्या. सगळ्या वरच्या. पहिली बावीस वर्षांपूर्वीची, मग नऊ वर्षं एकही नाही, मग अधूनमधून, आणि गेली सहा वर्षं एकही साल चुकलेलं नाही. सहा वर्षांत सहा वेगवेगळी माणसं. दोघे आपणच सोडून गेले, उरलेल्या चौघांना मी स्वतः जहाजावरून उतरवलं होतं.

पहिली लाल रेघ कोणाची, ते मला वाचायची गरज नव्हती. ती माझी.

तेव्हा मी चोवीस वर्षांची. पहिली आणि एकुलती एक सफर. आत्याने परत आल्यावर त्या बाटलीचा आकडा बघितला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "घरची पोरगी म्हणून सोडणार नाही." तीन आठवडे मला अ‍ॅसिडने बाटल्या धुवायला लावल्या. मी रडून सांगत होते, तीनदा खंगाळलं, मोजून खंगाळलं. कोण ऐकतंय? त्यानंतर मला कधीच जहाज मिळालं नाही. हळूहळू मलाही पटलं की चूक माझीच. मग मी अशी झाले, बोट दाखवणारी, कुजकी, हात धुऊन दुसऱ्यांच्या मागे लागणारी.

आत्याचा दुसरा नियम होता, काहीही फेकायचं नाही. प्रत्येक बाटलीची एक जोडीची बाटली डीप फ्रीझरमध्ये पडून असते. मी कोट चढवला आणि फ्रीझरमध्ये कंबरेपर्यंत वाकून अर्धा तास उकरत बसले. बोटं सुन्न झाली, तेव्हा तळाच्या खोक्यात सापडली. झाकणावर माझं जुनं, गोल गोल, आत्याला खूश करण्यासाठी काढलेलं अक्षर. "सात. वरची." तिच्या शेजारचीच, त्याच दिवशीची तळाची बाटलीही घेतली. दोन्ही कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवल्या.

बर्फ वितळेपर्यंत मी बसू शकले नाही. घड्याळात पावणेबारा.

पाणी झालं. यंत्राकडे नेण्याआधी माझा हात थांबला. इतकी साधी गोष्ट बावीस वर्षांत मला सुचू नये? डिस्टिल्ड पाणी अळणी असतं. समुद्राचं नसतं. पण प्रयोगशाळेत काहीही तोंडात घालायचं नाही, हा तर पहिल्या दिवशीचा धडा. आणि ज्याची चूक आधीच ठरलेली आहे त्याची तपासणी करतो कोण? मी दाराकडे बघितलं, करंगळी बुडवली आणि जिभेला लावली.

खारट.

मी पुन्हा लावली. चांगलंच खारट होतं. आजच्या दोन बाटल्यांतलं उरलेलं पाणीही चाखलं, तेही तसंच. मग यंत्रात सोडलं. तळाची बाटली गुलाबी झाली, रजिस्टरातल्या जुन्या आकड्याला अगदी चिकटून, म्हणजे इतकी वर्षं गोठून नायट्रेट कुठे गेलं नव्हतं. माझी बाटली नितळच राहिली. हात चुकला नव्हता. समुद्रातच काही नव्हतं.

मला आनंद व्हायला हवा होता. एक क्षण झालाही, खोटं कशाला बोलू. मग लक्षात आलं. म्हणजे सतरा वेळा समुद्र सांगत होता आणि सतरा वेळा त्याला आम्ही खोडलं.

घर दहा मिनिटांवर. आत्या माझ्याकडेच असते. एकोणऐंशी वर्षांची, खिडकीजवळच्या खुर्चीत, गुडघे गेलेत पण डोकं शाबूत. मला भरदुपारी दारात बघून म्हणाली, "काय गं, कोणाशी भांडून आलीस?"

मी बरोबर आणलेल्या जुन्या बाटलीतला घोट चमच्यात ओतला. "चाख."

"तुझ्या हातचं आता औषधही तपासून घ्यावं लागणार," ती म्हणाली, पण तिने चाखलं. तिचं तोंड हलायचं थांबलं. "समुद्राचं आहे. कुठलं?"

"सात नंबर, वरची. रंग येत नाही. शून्य."

"यंदाची?"

मी झाकण तिच्या हातात दिलं. तिने ते डोळ्यांजवळ नेलं, अक्षर बघितलं. अंगठ्याने त्यावरचं दव पुसलं आणि पुन्हा वाचलं. 

"त्या वर्षी बर्फ लवकर गेला होता," ती शेवटी म्हणाली. "महिनाभर आधी. मला माहीत होतं. बर्फाचं गोडं पाणी हलकं, ते वर झाकणासारखं बसतं. खालचं खत वर येत नाही, वरचं शेवाळ होतं ते खाऊन संपवतं आणि उपाशी बसतं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? हे मी दुसऱ्यांना शिकवायचे, आणि माझ्या स्वतःच्या सात नंबरला लागू करायला विसरले." मग माझा हात धरून म्हणाली, "जहाज तुझं होतं गं. मी काढून घेतलं."

बावीस वर्षं मला हे वाक्य हवं होतं. मनात किती वेळा मी ते तिच्या तोंडी घातलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यावर काय काय सुनवायचं ते ठरवलं होतं. आता तिचा हाडकुळा हात हातात होता. मी म्हटलं, "मीही चौघांचं काढून घेतलं, आत्या."

"मग जा," ती म्हणाली. "किती वाजले?"

तीन वाजून गेले होते. मी जवळजवळ पळतच गेले. आधी रजिस्टरं उघडली. प्रत्येक लाल रेघेखाली निळ्या पेनाने शून्य लिहिलं, सतरा वेळा, आणि आजची दोन. शेवटच्या रकान्यात लिहिलं, "भरणाऱ्याची चूक नाही. चूक प्रयोगशाळेची." खाली सही केली. साहेबांपुढे चौघांची नावं वेगळ्या कागदावर ठेवली आणि काय झालं ते उभ्या उभ्या सांगितलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "म्हणजे आपला बावीस वर्षांचा आलेख चुकीचा?" मी म्हटलं, "वरच्या पाण्याचा, हो. तो खाली उतरत होता, आम्ही उतरू दिला नाही." त्यांनी डोकं धरलं, पण यादीत चष्माचं नाव घातलं.

चार वाजता यादी लागली. चष्मा वाचून थेट माझ्या टेबलाशी आली. "ताई, मी जाणार?"

"जा. आणि सात नंबरला वरची बाटली भरल्यावर त्यातला एक थेंब चाख."

"तुम्हीच म्हणता, काही तोंडात घालायचं नाही."

"माझं सगळं ऐकायची सवय सोड." मी लाल पेनाचं टोपण लावलं आणि ते ड्रॉवरच्या पार मागे ढकललं. "अळणी लागलं तर लगेच मला फोन कर. अर्ध्या रात्री कर."

"ओरडायला?"

"नाही गं," मी म्हटलं. "समुद्र उपाशी नाही, तूच चुकलीस, एवढंच मला ऐकायचंय."

ती हसायला लागली, आणि मग माझ्याकडे बघून थांबली.