अकरा जांभळींखालचा पाला

धोंडाबाईने पाटी उपडी केली आणि अनघाच्या वाटेतच तिच्यावर बसली. मागे वाडीतल्या आणखी चार बायका उभ्या होत्या. पाट्या सगळ्यांच्या काखेत होत्या, पण झाडांकडे कुणी वळत नव्हतं.

“मावशी, जरा बाजूला होता का? फोटो काढायचाय.”

“काड की. आमचं पोट मारलंस त्याचा काड.”

अनघाने मोबाइल खाली केला. ती आणि वर्गातले तिघे पुण्याहून लोणावळ्याला आले होते, ‘शहरातली टेकडी’ या संस्थेच्या सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपवर. बंगल्यांच्या दोन रांगांमध्ये उरलेल्या या टेकडीवर अकरा जुन्या जांभळी होत्या. तीन दिवस राबून त्यांनी झाडांखालच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं आणि वर्षाचा पाला झाडून काढला होता. हातांना फोड आले होते. शाबासकीची तिची अपेक्षा नव्हती, म्हणजे होती, पण निदान शिव्या तरी नकोत.

“आम्ही एकही फांदी तोडली नाही, मावशी. फक्त साफ केलं.”

“तोडली असतीस तर बरं झालं असतं. फांदी परत फुटती. आन मावशी म्हणू नको. मी तुजी कोन लागत न्हाई.”

मागे उज्ज्वला नावाची तरणी बाई हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

मग धोंडाबाईने सांगितलं. पोरीला समजावं म्हणून नव्हे, तिचं माप तिच्या पदरात घालावं म्हणून. टेकडीवरची कुठली जांभूळ कुणाची, हे वाडीत कधी कागदावर ठरलं नव्हतं. फळ रंगायला लागलं की जी बाई झाडाखालचा पाला पहिल्यांदा झाडेल, त्या हंगामापुरतं ते झाड तिच्या घरचं. झाडलेल्या झाडाखाली दुसरीने पाटी न्यायची नाही. या एका गोष्टीवरून वाडीत चार पिढ्या भांडण झालं नव्हतं. बाकी सगळ्या गोष्टींवरून झालं होतं.

अकराच्या अकरा झाडं अनघाने आणि तिच्या मित्रांनी झाडली होती.

“मग घ्या ना तुम्ही. मी सांगते, सगळी तुमची.”

“तोंडानं सोडून सुटत न्हाई.”

“या वर्षापुरता नियम मोडा. आम्हाला कुठे माहीत होता?”

“एकडाव आमी मोडला की विकासबी मोडंल. सातबारा त्याचा हाय. आमचं हितं काय हाय? झाडायचं तेवडंच आमचं.”

विकास म्हणजे टेकडीचा मालक. त्यानेच संस्थेला परवानगी दिली होती. पहिल्या दिवशी गरम भजी खाऊ घातली होती, चार नवे खराटे आणून दिले होते. “नुसता कचरा उचलू नका, मॅडम. बुंध्यापर्यंत पाला झाडून घ्या, फोटो उठून दिसतो,” असंही तो म्हणाला होता.

“त्यांना तुमची ही रीत ठाऊक नसेल,” अनघा म्हणाली.

“त्याची आजी येसूबाई मरस्तोवर माज्या सासूसंगं बोलत बसायची, सासू झाडायची तवा. मांडीवर ह्योच असायचा.” धोंडाबाईने पाटीवरची माती झटकली. “सकाळी वाडीत आलता. म्हनला, पोरांनी माज्या सांगन्यावरनं झाडलं, तवा झाडं माजी. परवा कामशेतचा व्यापारी येतोय उतरवायला.”

अनघाला राग आला, आणि तो आधी स्वतःचाच आला. भजी तिने दोनदा मागून खाल्ली होती.

“सुटतं कसं मग?”

उज्ज्वला म्हणाली, “ज्यांनी झाडलं त्यांच्यातल्याच कुनी पाला परत टाकायचा. त्योच पाला. दुसरा आनून चालत न्हाई.”

पाला फाटकापाशी होता. सव्वीस पोती. खताच्या खड्ड्यावर न्यायला टेम्पो चार वाजता येणार होता, आणि आता दोन वाजले होते. बाकीचे तिघे बाजारात जेवायला गेले होते, ते संध्याकाळीच परतणार होते. अनघाने संस्थेच्या उमेश सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“उद्या देणगीदार झाडं बघायला येतायत,” सर म्हणाले. “विकासराव आपले यजमान आहेत. गावच्या भानगडीत आपण पडायचं नाही. पोती टेम्पोत भर. सर्टिफिकेट नको असेल तर तसं सांग.”

तिने तसं सांगितलं नाही. फोन कट केला आणि पहिलं पोतं ओढायला घेतलं.

बायका बघत राहिल्या. हात लावायला कुणी आलं नाही. लावून चाललंही नसतं. चढावर पोतं दोनदा फाटलं. तिसऱ्या झाडापाशी तिची चप्पल तुटली तेव्हा उज्ज्वला पुन्हा हसली. टेम्पो आला तेव्हा सात झाडं झाली होती. टेम्पोबरोबर विकासही आला.

“काय चाललंय, मॅडम?”

“पाला परत टाकतेय.”

“उन्हानं डोकं फिरलं का? अहो, ही माणसं आज गोड बोलतील, उद्या ओळख देणार नाहीत.”

“गोड कुठे बोलतायत,” अनघा म्हणाली.

विकासने एका पोत्यावर पाय ठेवला. तिने दुसरं उचललं. बाकीची संपली तेव्हा ती परत आली आणि त्याच्या पायाखालच्या पोत्याची सुतळी सोडायला खाली बसली. पाच बायका बघत होत्या. त्याने पाय काढला आणि उमेश सरांना फोन लावत तो फाटकाबाहेर गेला.

शेवटचं पोतं रिकामं झालं तेव्हा ऊन कलंडलं होतं. बायकांनी निरगुडीच्या फांद्या मोडून आणल्या आणि त्या आपापल्या झाडांकडे गेल्या. आभार कुणी मानले नाहीत. धोंडाबाईने सगळ्यात मोठी जांभूळ झाडली. पाल्याबरोबर अनघाच्या पावलांचे ठसेही तिने झाडून टाकले.

भिंतीकडच्या एका तिरक्या, लहान झाडाकडे कुणीच गेलं नाही. फळ कमी लागत असेल, असं अनघाला वाटलं. मान वर करून पाहिलं तर फांद्या घोसांनी वाकल्या होत्या.

निरगुडीचा खराटा तिच्या पायाशी येऊन पडला.

“त्ये कडंचं ऱ्हायलंय,” धोंडाबाई म्हणाली.

“ते तुमच्यापैकी कुणी…”

“आमी न्हाई झाडत. आन एक सांगते, फळ पडाय लागलं की रोज सकाळी यावं लागतंय. न्हाई आलीस तर पाखरं खातील. मी राखन करनार न्हाई.”

खिशात फोन वाजू लागला. उमेश सरच असणार. अनघाने तो वाजू दिला आणि खराटा उचलला.

“बुंध्याशी हळू,” धोंडाबाई जाता जाता म्हणाली. “मुंगळे हाईत तितं. आन फोटो काडू नको.”