मानं म्हणजे कुठं

सुमितची बायको पहिल्यांदा सासरी आली ती त्याच्या अस्थी घेऊन.

साजगावच्या घरात ठकूबाईनं तोवर तिला फोनवरच पाहिलं होतं. सुमित मलेशियात कारखान्याच्या कामाला गेला, मलाक्का नावाच्या शहरात तिथल्याच मुलीशी लग्न करून राहिला. रविवारी फोन लावायचा आणि मध्ये बसून दोघींचं बोलणं इकडचं तिकडे करायचा. सासू-सून एकमेकींकडे बघून नुसत्या हसायच्या. मग एका पावसात त्याच्या मोटारसायकलला कंटेनरनं उडवलं. मधला माणूसच गेला. आता एका घरात त्या दोघी, सुमितची चार वर्षांची रिया, आणि बोलायला शब्द एक नाही.

सुनेचं नाव लिन. चेहरा चिनी वळणाचा, पण माहेरी पिढ्यान्‌पिढ्या मलायच बोलत आलेले. सुमितच्या पुण्यानुमोदनाला भंतेजींनी त्रिशरण सुरू केलं, तेव्हा तीही हात जोडून म्हणायला लागली. चाल वेगळी, पाली शब्द तेच; तिचं माहेरही बौद्धच. मागच्या बायका माना वळवून बघू लागल्या. ठकूबाईनं इतके दिवस दाबून धरलेलं रडू तिथं फुटलं. वंदना संपली आणि दोघी पुन्हा मुक्या झाल्या.

रिया मात्र बोलत होती. दाराशी जाऊन म्हणायची, ‘‘मानं?’’ पलंगाखाली वाकून म्हणायची, ‘‘मानं पापा?’’ ठकूबाईला वाटलं, विमानात बसून पोरीची मान अवघडली असणार. तिनं खोबरेल कोमट केलं, नातीला मांडीवर घेतलं आणि हलक्या हातानं मान चोळून दिली. पोर मुकाट चोळून घ्यायची आणि उठून पुन्हा तेच म्हणायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल, पुन्हा मान. शेवटी लिननंच सासूचा हात धरला. भिंतीवरच्या सुमितच्या फोटोकडे बोट केलं, मग दोन्ही तळवे उघडे करून खोलीभर नजर फिरवली.

ठकूबाईची मुलगी दीक्षा खोपोलीत औषधाच्या दुकानात कामाला होती. तिनं फोनमध्ये शोधलं.

‘‘आये, मानं म्हंजे कुठं. ती इचारतेय, पापा कुठं हाय.’’

ठकूबाईच्या बोटांना तेल तसंच होतं. ‘‘आन मी मान चोळत बसले गं,’’ ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती मलाय शिकायला बसली. तांदूळ निवडताना, भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना. दीक्षा फोनवरची इंग्रजी अक्षरं वाचून सांगायची आणि तिथंच फसायची. ‘‘एअर म्हंजे पाणी,’’ ती म्हणाली. लिननं मान हलवली. ‘‘आ-येर.’’

‘‘आहेर?’’ ठकूबाई म्हणाली.

‘‘आयेर,’’ लिन म्हणाली, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसली.

नातवंडाचा शब्द दीक्षानं ‘कुकू’ वाचला. तो निघाला ‘चुचू’. हळूहळू खोडी कळत गेल्या. त्यांचा सी म्हणजे नेहमी च. शब्दाच्या शेवटी आ आला, की तो लिनच्या गावी अर्धाच बोलायचा, आपण ‘कुठं’ म्हणताना तोंड जेवढं उघडतो तेवढाच. शेवटी क आला, तर तो उच्चारायचा नाही, घशात अडवून ठेवायचा. परत येणं म्हणजे बालिक, पण तोंडातून निघतं ‘बाली’ आणि पुढे एक उचकी. आई म्हणजे माक, ऐकू येतं नुसतं ‘मा’. लिन तिला तशी हाक मारू लागली. डोक्याला ‘कपालं’ म्हणतात हे कळलं तेव्हा ठकूबाई म्हणाली, ‘‘ह्ये तं आमचंच कपाळ हाय की.’’

सकाळी उठल्यावर ती सुनेला विचारायची, ‘‘दा माकान?’’ जेवलीस का. लिन म्हणायची, ‘‘बेलुम, मा.’’ अजून नाही. मग दोघी चुलीपुढे बसून चहात चपाती बुडवून खायच्या. त्या वेळेपुरतं घरात कुणी मेलेलं नसायचं.

रियाला ठकूबाईनं एकच गोष्ट सांगितली नाही. पोर ‘मानं पापा’ विचारायची आणि आजी तिला मागच्या अंगणात नेऊन कोंबड्या दाखवायची. उत्तराचे शब्द तिला शिकायचेच नव्हते.

जायचा दिवस जवळ आला तसा बुधाजी अस्वस्थ झाला. सुमितचा बाप तो. पोरगा गेल्यापासून टीव्हीसमोर बसून असायचा, बघायचा काहीच नाही. एका दुपारी त्यानं बायकोला बोलावलं.

‘‘पोर आपली हाय. सुमितचं तेवढंच तं राह्यलंय. रहा म्हनाव हितंच, दोघी.’’

‘‘तुमीच सांगा.’’

‘‘मला कुठं येतंय? तुला तिची भाषा येतेय आता.’’

ठकूबाईच्या मनात दुसरं काही नव्हतंच. तिनं दीक्षाकडून वाक्य काढून घेतलं. जांगान पर्गी, जाऊ नकोस. तिंगाल सिनी, इथं रहा. तिंगालमधला ग नाकातून काढायचा होता; तो तिनं विळीवर भाजी चिरताना घोटला. दीक्षाला जाणवलं, आई वाक्य म्हणताना प्रत्येक वेळी हात जोडतेय.

दुसऱ्या दिवशी रिया झोपली होती. लिन आतल्या खोलीत फोनवर बोलत होती. ठकूबाई उंबऱ्याशी थांबली. फोनच्या पडद्यावर एक म्हातारी होती. पांढरे केस मागे बांधलेले, डोळे सुजलेले. लिनची आई.

‘‘बिलं बाली, ना?’’ म्हातारी विचारत होती.

ठकूबाईला वाटलं, कुणी मराठीतच बोललं. कधी परत येतेस, लेकरा?

‘‘मा तुंगू,’’ म्हातारी म्हणाली. आई वाट बघतेय. मग म्हणाली, की ती झोपत नाही, जेवत नाही. तेही ठकूबाईला कळलं. झोप आणि जेवण, हेच तर शब्द ती आधी शिकली होती. एका महिन्यापूर्वी ही बाई फोनवर कितीही रडली असती, तरी ठकूबाईला ते परक्या मुलखातलं रडणं वाटलं असतं, आणि आपलं मागणं ती मागून मोकळी झाली असती.

लिननं वळून पाहिलं. ‘‘आपं, मा?’’ काय?

घोटलेलं वाक्य तोंडात तयार होतं. ठकूबाई खाली बसली, सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवला.

‘‘बाली,’’ ती म्हणाली. घशातला क बरोबर अडकला. ‘‘मा तुंगू.’’

लिननं तिच्या मांडीत डोकं घातलं. फोन चटईवर पडला होता आणि त्यातली म्हातारी ‘लिन, लिन’ करत होती.

बाहेर बुधाजीनं विचारलं, ‘‘सांगितलंस?’’

‘‘तिला आय हाय,’’ ठकूबाई म्हणाली. त्यानं टीव्हीचा आवाज मोठा केला.

त्या गेल्या. गाडीत बसताना रियानं आजीला मराठीत ‘टाटा आज्जे’ म्हटलं. कोंबडी, भाकर, चांदोबा असे बरेच शब्द तिनं बरोबर नेले होते.

सुरुवातीला फोन रविवारी यायचा. मग रविवार चुकू लागले. लिन कामाला लागली होती, थकलेली दिसायची. ठकूबाईनं शिकणं सोडलं नाही. दीक्षा दुकानातून आली की नवे शब्द विचारायचे, दुसऱ्या दिवशी पाठ म्हणून दाखवायचे. तिकडे रियाचे मराठी शब्द एकेक गळत होते. कोंबडी गेली, मग भाकर.

वर्ष उलटून गेल्यावर एकदा फोन आला. रियाचे पुढचे दात पडले होते. तिनं पडद्यात डोळे बारीक करून पाहिलं आणि आईकडे वळून हळूच विचारलं, ‘‘सियापं?’’

लिन घाईघाईनं काही बोलली, हसली, फोन जवळ नेला.

ठकूबाई म्हणाली, ‘‘नेने.’’ आजी. मग स्पष्ट कळावं म्हणून पुन्हा म्हणाली, ‘‘नेने, बाय. पापाची आय.’’ पोर लाजून आईच्या दंडामागे लपली.

फोन बंद झाल्यावर बुधाजी म्हणाला, ‘‘काय म्हनली गं पोर?’’

‘‘कोन हाय, म्हनली.’’

बुधाजीनं टीव्ही बंद केला.