तीन बुड्यांएवढा वेळ

बाबांचा पाय जिथे घसरला ती जागा मला पाहायची होती. पंचनाम्यात लिहिलं होतं, ‘खाणीच्या कडेने चालत असता शेवाळावरून पाय घसरून पाण्यात पडले व मयत झाले.’ मुद्रितशोधनाचं काम मी वीस वर्षं करते आहे. एखादं वाक्य फार वेळा वाचलं की त्यातली चूक दिसायला लागते. हे वाक्य मी चार महिने वाचत होते, चूक दिसू नये अशी इच्छा धरून.

खाली पंच म्हणून कोंडीराम यांची सही होती. खाणीजवळच्या गावातले शेतकरी. मी फोन करून म्हटलं, बाबांना पाण्यातून बाहेर काढलंत, आभार मानायला यायचं आहे. त्यांनी माझं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाले, उन्हं कलल्यावर या.

खराडीहून दोन बस बदलून मी गेले. टेकडीच्या अंगावरचं ते गाव आता महापालिकेत आहे. कर्वेनगरातून बाबा दर रविवारी तिथवर चालत जायचे, गावामागच्या बंद दगडखाणीपर्यंत. टेकडी फोडून इमारती बांधायच्या आणि मग इमारतींना टेकडीचं नाव द्यायचं, याला नियोजन म्हणतात, असं ते म्हणायचे. आईच्या मागे एकटे राहिले, तरी बोलणं असंच तिरकस होतं. त्यामुळे मला काळजी वाटत नसे.

कोंडीराम पारावर थांबले होते. साठी उलटलेली, डोक्यावर टोपी, हातात म्हशी वळायची काठी. चालता चालता त्यांनी माझी चौकशी केली. मुलं किती, सासर कुठलं. खाण बंद होऊन बारा वर्षं झाली असं सांगितलं.

“निम्मं गाव तुमच्या पुण्यात राहायला गेलंय, ताई,” ते म्हणाले. “जोत्याखाली.”

खडी फोडायच्या गंजलेल्या क्रशरला वळसा घालून आम्ही कडेशी आलो. खाली काळ्या दगडाच्या सरळ तासलेल्या भिंती, मधोमध हिरवं पाणी. त्यांनी काठीने एक जागा दाखवली. तिथे छातीएवढं काटेरी तारेचं कुंपण होतं. बाबा हे ओलांडून कसे गेले, असं मी विचारल्यावर ते म्हणाले, मग पुढं आसंल. पुढेही कुंपण होतं. त्याच्या पुढे तार तुटलेली होती, पण तिथे मोठे धोंडे रचलेले, आणि पायाखाली सगळा कोरडा, खरखरीत मुरूम.

“इथे शेवाळ होतं?” मी विचारलं.

“तवा आसंल.”

तेव्हा जानेवारी होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पाहत नव्हते.

खाणीला आम्ही जवळजवळ पुरी फेरी घातली. पाण्यापर्यंत जाणारी वाट एकच होती. पूर्वी ट्रक उतरायचे तो रुंद उतार. लहान मूलही चालत जाईल इतका सोपा. तो पाण्यात शिरत होता आणि पुढे दिसेनासा होत होता. तिथे कोंडीराम एका दगडावर बसले आणि त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

गावाला नदी नाही, ते सांगू लागले. स्मशान खाणीच्या मागच्या अंगाला. अग्नी देऊन झाला की माणसं या उतारानं खाली येतात आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरतात. तीन बुड्या मारायच्या आणि ओल्यानं घरी जायचं. अशा माणसाला कुणी हाक मारत नाही, त्याच्याकडे कुणी बघतही नाही. त्या सकाळी ते वर म्हशींजवळ होते. बाबा सदरा-पायजम्यानिशी पाण्यात चालत गेले. सावकाश, कुठे न थांबता. शहरातल्यांचं कुणी गेलं असेल, रिवाज पाळतायत, असं त्यांना वाटलं.

“कमरंइतकं पानी आलं तवा मी पाठ केली. आमच्यात तशी रीत हाय. तीन बुड्या व्हतील येवढा दम धरला आन मंग वळलो.”

वळले तेव्हा पाणी स्थिर होतं.

पोलिसांना मग त्यांनीच सांगितलं, पाय घसरला. माणूस गेला ते गेला, मागच्यांना जन्मभर लोकांचं ऐकावं लागतं, म्हणून.

मी उभीच होते. आदल्या दिवशी बाबांनी दूधवाल्याला सांगितलं होतं, सोमवारपासून नको. माझ्याकडे राहायला यायचा विचार असणार, असं मी भावाला समजावलं होतं. मावशीला समजावलं होतं. खोली आवरून ठेवली होती, असंसुद्धा सांगितलं होतं. मी ती आवरली नव्हती. येऊ का असं त्यांनी दिवाळीत विचारलं होतं आणि मी म्हटलं होतं, बघू.

“ताई,” कोंडीराम म्हणाले, “तुमच्यात त्या दिशी कोन गेलं व्हतं का?”

प्रश्न चार महिन्यांचा होता, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. हो म्हणता आलं असतं. चुलतभाऊ, शेजारी, कुणीही. ते उठून टोपी घालून घरी गेले असते. त्यांनी माझ्यासाठी एक खोटं लिहून दिलं होतं. मला एकच शब्द बोलायचा होता.

“नाही,” मी म्हटलं. “कोणीच नाही.”

त्यांनी मान हलवली. त्यांना ठाऊकच असावं.

“मंग हाक मारायला पायजे व्हती.”

यात तुमचा काय दोष, असं म्हणायला हवं होतं. चार महिने मला सगळे हेच म्हणत आले आहेत, आणि त्याचा किती उपयोग होतो ते मला माहीत आहे. थोड्या वेळाने ते काठीवर भार देऊन उठले आणि पुढे झाले. मी मागून. उतार सोपा होता, तरी दोघंही फार हळू चढत होतो. वर पोचल्यावर काय करायचं, ते दोघांनाही कळत नव्हतं.